तृतीय भाषेचे स्थान : संस्कृत की जर्मन?

२०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने गटे इन्स्टिट्यूटशी करार केला व सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस संस्कृतऐवजी जर्मन घेण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष निम्मे सरले असता, ती काढून घेण्याचा निर्णय झाला. या वादाला भाषाविरोधाचे रूप आले. वस्तुतः प्रश्न त्रिभाषासूत्रातील तिसऱ्या स्थानाचा होता. या दोन भाषांत वैर नाही. संस्कृत ‘पितृ’ व जर्मन ‘फाटर’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे होत. बोटलिंक व रोट यांचा संस्कृत महाकोश (१८५५–७५) जर्मन भाषेतच आहे. म्हणून शाळेत संस्कृताचा पाया घालावा व जर्मन ही अधिकची ऐच्छिक भाषा असावी, हे सयुक्तिक होय. परंतु शिकत्या मुलाची भाषा अर्ध्यावर बदलणे कोणत्याच भाषेच्या हिताचे नव्हे.