सामाईक तळ्यावरचा दरोडा

मालवण तालुक्यातील धामापूरच्या तळ्याची एक आख्यायिका कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घरी लग्नकार्य निघाले की गरजवंताने फुलांची परडी तळ्यात सोडावी, ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून वर यावी, आणि कार्य उरकताच दागिने तळ्याला परत करावेत. पुढे कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि परडी वर येईनाशी झाली. बुडविणारा एक, मुकले सारे गाव! १५३० साली बांधलेले ते तळे आजही आहे. आटला तो विश्वास.

मोटारविमा हेही असेच सामाईक तळे होय. वाहनाखाली सापडलेल्या वाटसरूची भरपाई चालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. त्याचा दर सरकार ठरविते, आणि तो ठरविताना दाव्यांचा बोजा पाहिला जातो. १ जून २०२२ पासून १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता ३,२२१ रुपयांवरून ३,४१६ रुपये झाला. ही वाढ लबाडीमुळेच झाली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मंजूर झालेला प्रत्येक खोटा दावा त्या बोजात भर घालतो. 'कंपनीला बुडविले, आपले काय गेले?' असे म्हणणाऱ्याचाच खिसा येथे कापला जात असतो.

अज्ञात वाहनाने ठोकरले असता विमा उतरविलेले दुसरेच वाहन पुढे करणे, विनापरवाना चालकाच्या जागी परवानाधारक उभा करणे, घरात मोडलेला हात रस्त्यावर मोडल्याचे लिहून घेणे, हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला त्याचा हिशेब असा: संशयास्पद दावे १,३७६, चौकशी पूर्ण २४६, आरोपी १६६, गुन्हे ८३. आरोपींत अर्जदारांबरोबर वकील, पोलीस, डॉक्टर आणि विमा कंपन्यांचे कर्मचारीही होते. सहा वर्षांत पाचवा हिस्साही चौकशी पुरी होऊ नये, ही दिरंगाई लबाडांना अभयदानच नव्हे काय?

फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायद्यात आहेच. उणीव आहे ती खटला वेळेत उभा राहण्याची. आणखी एक धोका आम्हांस अधिक गंभीर वाटतो. खोट्या दाव्यांमुळे खऱ्या दाव्यांकडेही संशयाने पाहिले जाते, आणि कर्ता पुरुष गमावलेली स्त्री तारखांमागून तारखा मोजीत बसते. म्हणून महाराष्ट्र शासनाने दोन्ही गोष्टी एकदमच केल्या पाहिजेत. खोट्या कागदावर सही करणारा कितीही प्रतिष्ठित असो, त्याला सत्वर न्यायासनासमोर उभे करावे. आणि लबाडीच्या नावाखाली खऱ्या आपद्‌ग्रस्ताचा एक पैसाही अडवून ठेवू नये.