वाळूत गाडी का रुतते?

खानदेशात समुद्र नाही, पण वाळूची ओळख आहे. गिरणेच्या पात्रात लोखंडी धावेच्या बैलगाडीची चाकं रुततात, टायरची गाडी मात्र तरते. जळगाव-धुळ्याहून कोकणच्या किनाऱ्याचं स्वप्न घेऊन छोटी फोर-बाय-फोर शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं, तरी निम्मी निवड झाली.

वाळूत ताकदीपेक्षा दाब महत्त्वाचा. टायर जमिनीवर साधारण त्याच्यातल्या हवेइतकाच दाब देतो. 30 पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो. 1200 किलोच्या गाडीचं प्रत्येक चाक मग तळहाताएवढ्या जागेवर उभं असतं. हवा 15 पौंडांवर आणा, टायर लांबट पसरतो आणि ती जागा जवळजवळ दुप्पट होते. उंटाचा पसरट तळवा हेच करतो. (डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा, कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.)

गाडी हलकी असली की कमी हवेवर भागतं, म्हणून हलकी गाडी बरी. जुनी जिप्सी साधारण एक टनाची, जिम्नी 1200 किलोच्या आसपास. दोन्हींत लो-रेंज गिअर आहे. थार दणकट, पण बरीच जड. चार चाकांची एटीव्ही वाळूत सगळ्यांत सरस. पण आपल्याकडे तिची रस्त्यासाठी सहसा नोंदणी होत नाही, त्यामुळे ती ट्रेलरवरून न्यावी लागते. माझं मत जिम्नीला.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. कोकणातही उतरण्यापूर्वी स्थानिक पोलिसांना विचारा, आणि परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा.