गोरे कोण, हे ठरवणारा कायदा

अमेरिकेने १७९० साली परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व देणारा पहिला कायदा केला. तो फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी होता, गोरे कोणाला म्हणायचे, हे त्यात कुठेच सांगितले नव्हते. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना वाट मिळाली. बाकीच्यांचा निवाडा न्यायाधीश करत राहिले. १८७८ मध्ये चिनी माणूस गोरा नाही असे ठरले. १९१० मध्ये मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा गोरे ठरले.

नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानी ताकाओ ओझावा यांचा अर्ज फेटाळला. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असे कारण दिले. तीनच महिन्यांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. पंजाबचे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. वकील सखाराम गणेश पंडित यांनी वंशशास्त्राचेच दाखले दिले: उच्चवर्णीय भारतीय आर्य, म्हणून कॉकेशियन, जातीबाहेर लग्न नाही, म्हणून रक्त शुद्ध. ओझावांचाही निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी आता शास्त्र बाजूला सारले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल दिला. निकष बदलला, दार बंदच राहिले. त्याहून जास्त सलते ते हे, की अन्यायाविरुद्ध लढतानाही आपल्या बाजूने जातीचा अभिमानच पुरावा म्हणून पुढे झाला. मूळ नियमालाच कोणी आव्हान दिले नाही.

निकालानंतर सरकार आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेऊ लागले. पेशावरचे वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गमावले आणि १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित मात्र स्वतःवरचा असाच खटला जिंकले. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि १९५२ मध्ये वंशाची अट कायद्यातून गेली.

पुढे इराकमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकी प्राध्यापकाने भेदभावाची तक्रार केली, तेव्हा अरबही कॉकेशियनच, मग वांशिक भेदभाव कसला, असा बचाव पुढे आला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने नाकारला. पूर्वजांमुळे किंवा वांशिक ओळखीमुळे कोणाला डावलले असेल, तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले संरक्षण त्याला मिळेलच, असे सांगितले.

कायद्याने धरायची वाट हीच आहे, असे मला ठामपणे वाटते. माणसाचा वंश ठरवणे न्यायालयाचे काम नाही, आणि ते कोणत्याही शास्त्राला नीट जमलेले नाही. पण वंश ही कल्पना मानून माणसे माणसांना नोकरी, जमीन, नागरिकत्व नाकारतात, हे पुराव्याने सिद्ध करता येते. म्हणून वंश खरा आहे का, या वादात न अडकता कायद्याने डावलणाऱ्याला जाब विचारावा. पीडिताला स्वतःचे रक्त सिद्ध करायला लावणारा कायदा, तो कितीही सद्हेतूने केलेला असो, पुन्हा १९२३ च्याच वाटेने जाईल.