कॉलेजचा ताण: स्वतः कधी सांभाळायचा, डॉक्टरांना कधी दाखवायचे?

सेमिस्टरच्या परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात विशीच्या आसपासचे विद्यार्थी जास्त दिसू लागतात. तक्रारी साधारण सारख्याच असतात: ॲसिडिटी, डोकेदुखी, छातीत धडधड, सततचा थकवा. ‘मला ताण आहे’ असे सांगत क्वचितच कोणी येते. झोप किती होते, जेवण वेळेवर होते का, एटीकेटी लागली आहे का, असे विचारल्यावर खरी गोष्ट हळूहळू बाहेर येते. बीड, नांदेड, जळगावकडून पुण्यात शिकायला येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींचा त्रास तर आणखी उशिरा लक्षात येतो, कारण रोज चेहरा पाहणारे घरचे माणूस जवळ नसते. म्हणूनच साधा ताण कोणता आणि मदत कधी घ्यायची, हे विद्यार्थ्यांना आणि फोनवर बोलणाऱ्या घरच्यांनाही माहीत हवे.

ताणामुळे शरीर का बिघडते?

धोका जाणवला की मेंदू शरीराला सज्ज करतो. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आखडतात. व्हायवाच्या आधी पोटात गोळा येतो तो यामुळेच. व्हायवा संपला की शरीर पूर्ववत होते. पण फी, बॅकलॉग, प्लेसमेंट, घरच्यांच्या अपेक्षा या काळज्या एका दिवसात संपत नाहीत. शरीर आठवडेच्या आठवडे सज्ज राहिले की झोप उडते, भूक बदलते, मान-पाठ दुखते, चिडचिड होते, मुलींची पाळी पुढेमागे होते.

रक्त कमी असणे, थायरॉइडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही थकवा आणि उदासपणा येतो. त्यामुळे त्रास लांबला तर एकदा तपासणी करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले, तरी त्रास खोटा ठरत नाही.

साधा ताण की त्यापुढचे काही?

साध्या ताणाला कारण दिसते आणि कारण सरले की तो उतरतो. मधल्या काळातही मित्रांत, खेळात, गाण्यात मन रमते. खालीलपैकी काही गोष्टी २ आठवडे जवळजवळ रोज होत असतील, तर डॉक्टरांना भेटा:

- मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे
- झोप न लागणे, पहाटेच जाग येणे किंवा दिवसभर झोपून राहणे
- भूक किंवा वजन यांत ठळक बदल
- लेक्चर, मेस, अंघोळ टाळणे, फोन न उचलणे
- एकच पान पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात न शिरणे
- ‘मी काही कामाचा नाही’ असे सतत वाटणे
- ताण विसरण्यासाठी दारू, सिगारेट किंवा गोळ्या लागणे

रोज काय करता येईल?

झोपेपासून सुरुवात करा. या वयात रात्री ७ ते ९ तास झोप लागते. वाचलेले लक्षात पक्के बसते तेही झोपेतच, म्हणून रात्रभर जागून केलेला अभ्यास पेपरात आठवत नाही. चहा-कॉफीतील निम्मे कॅफिन साधारण ५ तासांनंतरही शरीरात असते. संध्याकाळनंतर ती टाळा.

सकाळचा नाश्ता चुकवू नका. रोज अर्धा तास भरभर चाला किंवा खेळा. अभ्यासक्रम मोठा वाटत असेल तर आजच्या दिवसाचे २-३ मुद्देच कागदावर लिहा. धडधड वाढली तर ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ आकडे मोजत सोडा. ५ मिनिटे असे करा. आणि किमान एका माणसाशी खरे बोला: मित्र, ताई, शिक्षक, कोणीही.

घरच्यांसाठी

फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. ‘जेवलास का, झोप झाली का, करमतंय का?’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य ऐकले की मूल पुढचे सांगत नाही. ‘नापास झालास तरी घरी ये, आपण बघू’ हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. फोन अचानक कमी झाले किंवा बोलणे तुटक झाले, तर प्रत्यक्ष जाऊन भेटा.

हे ऐकले तर थांबू नका

‘मेलेलं बरं’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलणे, निरोपाचे मेसेज, स्वतःला इजा करणे याला नाटक समजू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातील गोळ्या आणि शेतीची औषधे कुलपात ठेवा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या.

उपचारांबद्दलच्या शंका

अनेकांना समुपदेशन पुरते, काहींना औषधेही लागतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात; डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका. मित्राच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही घेऊ नका.

‘कॉलेजला कळेल’ या भीतीने अनेक जण येत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाते. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात दाखवा. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल, तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. पोटदुखी सांगता तसेच हेही सांगा. पुढे कोणाकडे जायचे ते ते सुचवतील.