दुनळी रायफलीचे संदर्भग्रंथ

दुनळी रायफलीविषयीचा संदर्भग्रंथ निवडताना त्याचे प्रकाशनवर्ष प्रथम पाहावे. १८९८ मध्ये रिग्बी यांनी बंदुकीच्या काळ्या दारूच्या जुन्या .४५० काडतुसाच्याच आकारात कॉर्डाइट भरले. जुन्या नळीत हे काडतूस वापरल्यास ती फुटण्याचा धोका असतो. ग्रीनर यांच्या 'द गन अँड इट्स डेव्हलपमेंट'ची १८८१ची पहिली आवृत्ती या बदलापूर्वीची, तर १९१०ची नववी त्यानंतरची आहे. जॉन टेलर यांचा 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' (१९४८) शिकारीच्या अनुभवावर आधारलेला आहे. दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून नळ्यांची जुळणी विशिष्ट काडतुसानुसार केलेली असते. त्याकरिता ग्रॅम राइट यांचा 'शूटिंग द ब्रिटिश डबल रायफल' उपयुक्त ठरतो. मात्र कोणत्याही ग्रंथातील आकडा कोणत्या दारूसंबंधी आहे, हे जाणल्यावाचून तो स्वीकारू नये.