पांडू नरोटेच्या वर्षांचा हिशेब कोण देणार?

गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे याला २०१३ मध्ये अटक झाली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने यूएपीए कायद्याखाली पांडू आणि प्रा. साईबाबा यांच्यासह पाच जणांना जन्मठेप व सहाव्याला दहा वर्षांची सजा ठोठावली. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही शिक्षा रद्द केली. खटल्याची मंजुरीच बेकायदा होती आणि गुन्हाही सिद्ध झाला नव्हता! पण निकाल ऐकायला पांडू होता कुठे? ऑगस्ट २०२२ मध्येच तो कैदेत मेला. साईबाबाही १२ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले.

अशांना भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ मध्ये सुचवले. सरकार ढिम्म! २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सहा जणांना फाशीतून निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख देवविले. पण ती त्या खटल्यापुरती मेहेरबानी ठरली. बांधवांनो, संविधानाच्या कलम २१ ने दिलेले स्वातंत्र्य हिरावले, तर भरपाई ही भीक नव्हे, हक्क आहे. तो कायद्यात लिहिला गेलाच पाहिजे!