गुडघ्याची वाटी : संज्ञा आणि सांधणी

गुडघ्यावरील अस्थीस मराठीत ‘वाटी’ म्हणतात. लॅटिन ‘पटेला’ म्हणजेही लहान पसरट भांडे. सुश्रुतसंहितेत जानूची अस्थी ‘कपाल’, म्हणजे खापर, या वर्गात येते. तिन्ही नावे आकारावरून पडली. कार्य त्यांत उमटलेले नाही. वस्तुतः ही अस्थी मांडीच्या स्नायूंचे बल कप्पीप्रमाणे नडगीकडे वळविते. ती आडवी फुटली की स्नायू वरचा तुकडा ओढून घेतो आणि पाय सरळ करणे अशक्य होते. परभणी जिल्ह्यात उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या मजूर स्त्रीचा यात रोजगारच जातो.

जोसेफ लिस्टर यांनी १८७७ मध्ये गुडघा उघडून चांदीच्या तारेने वाटी सांधली. आजच्या अल्पछेद पद्धतीत क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत लहान छेदांतून पोकळ स्क्रू व तार बसवितात. गुडघा वाकताना तुकड्यांना दूर सारणारा ताण ही तार सांध्याच्या बाजूस दाबात पालटते. त्वचा व स्नायूंना इजा कमी होते. हालचाल लवकर सुरू करता येते. मात्र अस्थीचा चुरा झाला असल्यास गुडघा सहसा उघडावाच लागतो. कारण लहान छेद हे साधन होय, सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळणे हे साध्य.